पाथऱ्यांच्या मोरीतली गुडगुड

सकाळी सकाळी पाथऱ्यांच्या मोरीने ढेकर दिला.

अबोली दात घासून नुकतीच बाजूला झाली होती. नळ बंद होता. तेवढ्यात मोरीच्या जाळीखालून गुडगुड आवाज आला, एक मोठा बुडबुडा फुटला आणि पाठोपाठ नाक धरायला लावणारा वास सुटला. तिने वाकून पाहिलं. एरवी जाळीखाली नुसता अंधार असायचा. आज काळपट पाणी जाळीच्या अगदी जवळ येऊन उभं राहिलं होतं. तिची चूळ सोडली तर घरात कुणी तांब्याभर पाणीसुद्धा ओतलेलं नव्हतं आणि बाहेर पावसाचा टिपूस नव्हता. मग हे पाणी आलं कुठून? पाणी उताराने खाली जातं, एवढं तर पाचवीतल्या अबोलीला पक्कं ठाऊक होतं. हे मात्र वर चढत होतं.

दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला या कोड्याची मजा वाटली असती. आज मात्र ती घाबरली, कारण आज तपासणी होती.

रेवळी शहर तसं नव्या जमान्याचं. तिथे टपाल हवेतून येतं, रस्त्यावरचे दिवे कुणी चालतंय का ते बघून लागतात आणि गणपतीसुद्धा बहुतेक ठिकाणी यंत्रातून छापून निघतात. फक्त मूर्तिआळीतली चार घरं अजून हाताने शाडूच्या मातीचे गणपती घडवतात. त्यांतले सगळ्यात जुने मूर्तिकार म्हणजे अबोलीचे आजोबा, दामोदर पाथरे. सगळी आळी त्यांना आबा म्हणते. ते सगळ्यात हट्टीही आहेत, पण हे त्यांच्यासमोर कुणी म्हणत नाही.

त्यांच्या घराची पुढची मोठी खोली म्हणजेच मूर्तिशाळा. जमिनीवर पाट मांडलेले आणि पाटांवर ओळीने मूर्ती वाळत ठेवलेल्या. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, नुसती वाळवतात. त्यामुळे तिला पाणी लागलं की तिचा पुन्हा चिखल होतो. आणि ओली असताना तिला जागची हलवायचीही सोय नसते, उचलायला गेलं की सोंड हातात येते. चतुर्थी तोंडावर आली होती. मोरी त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती.

आता तपासणी कसली, तेही सांगायला हवं. आजवर आळीतलं सांडपाणी ज्याच्या त्याच्या परसातल्या शोषखड्ड्यात (पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) जायचं. यंदा पालिकेने आळीतून मलवाहिनी (सांडपाणी गावाबाहेरच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेणारी जमिनीखालची नळी) टाकली. शोषखड्डे बुजवले, परसात फरशी घातली आणि घराघराला हंगामी परवानगीवर जोडणी दिली. तपासणीत सगळं ठीक निघालं तर पक्का परवाना. नाही निघालं तर जोडणी बंद. आणि जोडणी बंद म्हणजे मूर्तिशाळा बंद, कारण मातीचं काम पाण्याशिवाय चालत नाही आणि वापरलेलं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं.

“आबा, मोरीत पाणी वर आलंय,” अबोली म्हणाली.

आबा एका गणपतीचा कान कोरत होते. त्यांनी मान वर केली नाही. “दिसलंय मला. ते यंत्र विचारील तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. एकदा परवाना हातात पडू दे, मग बघू मोरीकडे.”

“पण आबा, ते आणखी वर आलं तर?”

“अबोली, आबा सांगतायत ना,” आई म्हणाली. पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. तिने एक रिकामं घमेलं आणलं आणि मोरीच्या जाळीवर उपडं घातलं.

थोड्या वेळाने दारातून तपासनीस आत आला. तो मांजराएवढा होता. लांबट अंग, आखूड पाय, शेपटीच्या जागी गुंडाळलेली दोरी आणि तोंडाशी मिशांसारख्या तारा. पालिकेच्या कागदांत त्याचं नाव काही का असेना, नळ्यांतून पोहत जातो म्हणून सगळ्या शहरातली मुलं त्याला पाणमांजर म्हणत.

“नमस्कार,” पाणमांजर म्हणालं. “मी मलनिस्सारण विभागाचा यंत्र-तपासनीस. सदर जागेचे अर्जदार आपणच का?”

“मीच,” आबा म्हणाले.

“सदर जागेचा वापर?”

“राहतं घर.”

पाणमांजराने हळूहळू मान फिरवली. चारी बाजूंनी गणपती त्याच्याकडे बघत होते. “मूर्तींची संख्या घरातल्या माणसांपेक्षा बरीच जास्त दिसते,” ते म्हणालं.

“देव आहेत ते. देव घरातच असतात,” आबा म्हणाले. “आम्ही कारखाना चालवत नाही.”

आबा खोटं बोलत होते असं समजू नका. त्यांच्या वडिलांनी या कामाला कधी धंदा म्हटलं नव्हतं आणि त्यांनीही म्हटलं नव्हतं. जोडणीच्या अर्जातही त्यांनी तसंच सांगितलं होतं. तरी अबोलीला वाटलं, आता हे यंत्र पुढे काहीतरी विचारणार आणि सगळं बाहेर येणार. त्याला बोलण्यात गुंतवावं म्हणून तिने घाईघाईने प्रश्न टाकला.

“आपल्याच घरातलं पाणी बाहेर सोडायला परवानगी कशाला लागते?”

पाणमांजराच्या मिशा ताठ झाल्या. “हा प्रश्न मला क्वचितच कुणी विचारतं. बाकी सगळे ‘परवाना कधी मिळेल’ एवढंच विचारतात,” ते म्हणालं आणि चक्क खाली बसलं. “ऐक. तुमच्या आळीच्या मलवाहिनीत पाणी ढकलायला पंप नाही. नळी एका बाजूला किंचित उतरती ठेवलेली आहे, तेवढ्यावर पाणी जातं. उतार किती ठेवायचा, नळी किती रुंद घ्यायची, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी कोणतं घर किती पाणी सोडणार आणि त्या पाण्यात काय असणार, हे माहीत हवं. परवानगी मागणं म्हणजे आपल्या घराचं पाणी त्या हिशोबात धरायला सांगणं.”

“आणि न सांगता काही वेगळं सोडलं तर?”

“तर हिशोब चुकतो. छपराचं पावसाचं पाणी सोडलं तर नळीत मावत नाही. तेल सोडलं तर ते आत थिजतं. माती सोडली तर…” पाणमांजर जरा थांबलं. “तुझ्याकडे काचेचा पेला आहे का? आणि चमचाभर माती?”

मूर्तिशाळेत मातीला काय तोटा? अबोलीने पेलाभर पाण्यात चमचाभर शाडू टाकला आणि चमच्याने गरगर ढवळला. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

“आता चमचा काढ आणि नुसती बघत राहा.”

पेल्यातलं पाणी फिरता फिरता मंदावलं आणि थांबलं. मग तळाशी एक पातळ करडा थर दिसू लागला. बघता बघता तो जाड होत गेला आणि वरचं पाणी थोडं निवळलं.

“पळतं पाणी मातीला उचलून नेतं,” पाणमांजर म्हणालं. “रेंगाळतं पाणी तिला खाली टाकतं. नळीत जिथे उतार कमी असतो तिथे पाणी रेंगाळतं. तिथे थर बसतो, त्यावर दुसरा बसतो आणि एक दिवस नळी बंद होते. म्हणून जिथे मातीचं काम चालतं तिथे आधी गाळटाकी बांधावी लागते. गाळटाकी म्हणजे हा तुझा पेलाच, फक्त मोठा. त्यात पाण्याला मुद्दाम थांबवायचं, मातीला तळाशी बसू द्यायचं आणि वरचं निवळ पाणी तेवढं नळीत सोडायचं.”

अबोली पेल्यातल्या थराकडे बघत राहिली. तिला रोजची बादली आठवली.

मूर्तिआळीत एक रीत आहे. मूर्तीची माती पायाखाली येऊ द्यायची नाही. संध्याकाळी काम संपलं की हात, कोरण्या, पाट सगळं एका बादलीत धुवायचं आणि ते पांढरं पाणी घरातल्या सगळ्यात लहान मुलाने परसातल्या पारिजातकाच्या मुळाशी ओतायचं, जिथे कुणी पाय देत नाही. मान असतो तो. पण यंदा परसात फरशी झाली आणि पारिजातक गेला. मग पाणी ओतायचं कुठे? रस्त्यावर तर लोकांचे पाय. चारही घरांनी डोकं लावलं आणि सगळ्यांना एकच झकास तोड सुचली: नवी नळी. जमिनीच्या पोटात, वरून बंद, तिथे कुणाचा पाय पडणं शक्य नाही. तेव्हापासून अबोली रोज संध्याकाळी हात जोडून ती बादली मोरीत ओतत होती.

तिने आबांकडे पाहिलं. आबांनी डोळ्यांनीच दटावलं.

त्याच क्षणी कोपऱ्यातून गुडगुड झाली. उपडं घमेलं थरथरलं.

“हे घमेलं इथे कशासाठी आहे?” पाणमांजराने विचारलं.

“असंच,” आई म्हणाली.

“मोरीच्या खाली नळी वाकवलेली असते. त्या वाकात थोडं पाणी कायम साचून राहतं. त्याला पाणसापळा म्हणतात. नळीतली घाण हवा घरात येऊ नये म्हणून ती सोय असते. पण खालून पाणी चढू लागलं की मधली हवा कोंडते आणि पाणसापळ्यातून बुडबुडे काढत वर येते. मला आत्ता तोच आवाज आला.” पाणमांजर उठलं. “मला ताबडतोब खाली उतरायला हवं.”

त्याने पाठीवरचा, नळीतलं चित्र दाखवणारा एक छोटा पडदा काढून अबोलीच्या हातात दिला, शेपटीची दोरी उंबऱ्याबाहेरच्या कड्याला अडकवली आणि दारापुढच्या तपासणी कुंडीत (घरातल्या सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात तो झाकणाचा चौकोनी खड्डा) सूर मारला. पडद्यावर काळोखी नळी सरकू लागली. सगळे पडद्यावर वाकले. आबासुद्धा.

बराच वेळ नुसतं काळं पाणी दिसत होतं. मग समोर काहीतरी पांढरट उभं राहिलं. नळीच्या तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत आलेला एक मऊ, चिकट उंचवटा. वरती बोटभर फट उरली होती आणि त्या फटीतही चिंध्या नि केस अडकले होते.

“आळीची नळी मोठ्या रस्त्याच्या नळीला मिळते तिथे मी पोचलो आहे,” पडद्यातून आवाज आला. “इथे उतार कमी आहे. सदर अडथळा कोणत्या पदार्थाचा आहे हे ओळखता येत नाही.”

आबांनी पडद्यावरून नजर काढून घेतली. आईने आबांकडे पाहिलं. बोललं तर परवाना जाणार. न बोलावं तर ते बिचारं यंत्र अंधारात कशाशी झुंजतंय हे त्याला कळणारच नाही.

“शाडू आहे तो,” ती म्हणाली. “आमच्या मोरीतून गेलेला. मीच ओतते रोज.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं, पण रागवायला त्यांना वेळच मिळाला नाही. घमेलं एका बाजूने उचललं गेलं आणि त्याच्याखालून काळं पाणी मोरीचा कठडा ओलांडून खोलीत आलं. आळीत ही आंघोळी-धुण्याची वेळ होती. प्रत्येक घरातून पाणी नळीत येत होतं, पुढे जायला वाट नव्हती आणि सगळं मिळून पाथऱ्यांच्या मोरीतून वर येत होतं.

“आमच्याच घरात का?” आई म्हणाली. तिने गोणपाट आणून पाण्यापुढे टाकलं.

“तुमची मोरी आळीत सगळ्यात सखल आहे म्हणून,” पडद्यातून उत्तर आलं. “रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि घरं खाली राहिली. मी अडथळा कोरायला सुरुवात केली आहे. वेळ लागेल.”

पाणी गोणपाटाच्या कडेने वाट काढत पहिल्या ओळीकडे निघालं. पहिल्या दोन ओळी कालपरवाच साच्यातून काढलेल्या, ओल्या अंगाच्या. त्यांना हात लावता येत नव्हता.

“जोडणी बंद कर,” आबा पडद्याकडे बघत म्हणाले. “आमच्या घराची नळीच बंद कर. म्हणजे पाणी आत येणार नाही. जमतं ना तुला?”

“जमतं. तुमच्या तपासणी कुंडीत रबरी बूच आहे. अर्जदाराने सांगितलं तर मी ते फुगवू शकतो. तसा नियम आहे. फुगवू?”

“थांब,” अबोली म्हणाली. “मग हे पाणी कुठे जाईल?”

“दुसरीकडे,” पाणमांजर म्हणालं.

“दुसरीकडे म्हणजे कुठे?”

“गवंडी पातळी बघायला काय वापरतात, तू पाहिलं आहेस का?”

अबोलीने पाहिलं होतं. लांबलचक पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक या भिंतीशी धरायचं, दुसरं त्या भिंतीशी. नळी मध्ये कितीही वाकडीतिकडी असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं.

“आळीतली सगळी घरं आत्ता तशीच एका नळीला जोडलेली आहेत,” पाणमांजर म्हणालं. “जोडलेल्या भांड्यांत पाणी सगळीकडे सारखंच चढतं. जे तोंड सगळ्यात सखल, तिथून ते आधी सांडतं. ते तोंड बंद केलं तर पाणी थांबत नाही. थोडं आणखी चढतं आणि त्याच्या खालोखाल सखल असलेल्या तोंडातून बाहेर येतं.”

“आपल्या खालोखाल कोण?”

“तुमच्या डाव्या हाताचं घर. तिथली मोरी तुमच्यापेक्षा चार बोटंच उंच आहे.”

डाव्या हाताला रेश्माताईंचं पाळणाघर होतं. कामावर जाणाऱ्या आयांची रांगती पोरं तिथे जमिनीवर खेळायची, जमिनीवरच सांडलेला भात वेचून खायची. आत्तासुद्धा भिंतीपलीकडून कुणाचं तरी रडणं आणि रेश्माताईंचं गाणं ऐकू येत होतं.

“आबा,” अबोली म्हणाली, “बूच लावलं तर हे सगळं रेश्माताईंकडे निघेल. बाळं खाली असतात.”

आबा मूर्तींकडे बघत होते. पहिल्या ओळीत शेवटी एक बसका, मोठ्या पोटाचा गणपती होता, त्याच्या हातातल्या मोदकावरच्या कळ्या त्यांनी काल दुपारभर बसून काढल्या होत्या. पाणी त्याच्या पाटाला टेकलं होतं. भिंतीपलीकडे ते रडणारं मूल आता हसायला लागलं होतं.

अबोलीला भीती वाटत होती. आबा ‘फुगव’ म्हणतील याची भीती, आणि नाही म्हणाले तर त्या मूर्तींचं काय होईल याचीही. तिला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळणार नव्हतं, हे तिला अगदी स्पष्ट कळत होतं. तिने पडदा छातीशी घट्ट धरला.

“नको फुगवू,” आबा म्हणाले. “येऊ दे इथेच.”

मग ते मातीच्या हातांनीच बाहेर गेले. ज्या आळीत ते चार शब्द बोलले तर लोक उभं राहून ऐकत, त्या आळीच्या मधोमध उभे राहून त्यांनी हाक दिली. “नळ बंद करा सगळे. आंघोळी थांबवा, धुणी थांबवा. नळी तुंबलीय. मूर्तींच्या मातीनं तुंबलीय, चारी घरांची आहे, पण आधी माझी आहे.” ते दारोदार गेले. खिडक्या उघडल्या. कुणी काय काय विचारलं, कुणी तोंड वाकडं केलं, पण नळ बंद झाले.

“आळीतलं पाणी कमी होत आहे,” पडद्यातून आवाज आला. “तरी वरच्या नळीत भरलेलं पाणी काही वेळ येत राहील.”

आई आणि अबोलीने वाळलेल्या मूर्ती भराभर उचलून वरच्या फळ्यांवर ठेवल्या. एक, मग आणखी एक. तिसरी अबोलीच्या हातून निसटता निसटता राहिली, तेव्हा आईने तिला नुसतं पाट सरकवायला सांगितलं. ओल्या ओळी मात्र जागच्या जागी होत्या. पाणी पाटांवर चढलं. करड्या मूर्ती बुडाशी काळ्या होऊ लागल्या. आबा परत आले तेव्हा पहिली मूर्ती एका अंगाला कलत होती. ती कलली, गुडघ्यापाशी चिरली आणि हळूच पाण्यात बसली. तिच्या शेजारची त्याच वाटेने गेली. मग तो बसका गणपती गेला.

आबा बघत उभे राहिले. अबोलीला रडू आवरेना. त्यांनी मातीचाच हात तिच्या डोक्यावर ठेवला.

पाणी तिसऱ्या ओळीकडे सरकत असताना मोरीतून पुन्हा गुडगुड झाली. पण हा आवाज वेगळा होता. घटाघटा गिळल्यासारखा. जमिनीवरचं पाणी थबकलं, मागे फिरलं आणि जाळीतून खाली पळू लागलं.

“वाट मोकळी झाली,” पाणमांजर म्हणालं.

आईने उंबऱ्यावर बसकण मारली.

पाणमांजर वर आलं ते नखशिखान्त शाडूने माखलेलं. माती पुन्हा नळीत जाऊ नये म्हणून आबांनी त्याला घमेल्यात उभं केलं आणि त्याच्यावर बादलीभर स्वच्छ पाणी ओतलं. मग खाली बसून त्यांनी त्याला विचारलं, “मोरीची नळी आणि संडासाची नळी, या पुढे एकच होतात का रे?”

“होय. याच कुंडीत.”

आबांनी कुंडीत वाकून पाहिलं. “आणि आम्ही पायाखाली येऊ नये म्हणून ती माती संडासाच्या पाण्यात सोडत होतो,” ते म्हणाले. कुंडीचं झाकण त्यांनी स्वतः लावलं.

नियमाप्रमाणे मूर्तिशाळा आहे असं नोंदवावं लागलं आणि गाळटाकी होईपर्यंत पक्का परवाना अडला. जोडणी मात्र तुटली नाही. मातीचं पाणी पिंपात साठवून, निवळवून, वरचं तेवढं सोडायचं, अशा अटीवर पाणमांजराने काम चालू ठेवायला परवानगी दिली. चारही घरांत पिंपं आली. पहिल्या दोन ओळी गेल्या त्या गेल्याच. ज्यांच्या मूर्ती होत्या त्यांना आबांनी स्वतः सांगितलं. काहींनी लहान मूर्ती चालवून घेतली, काही यंत्रातून छापलेल्या मूर्तींकडे वळले. ते वर्ष पाथऱ्यांना जड गेलं.

गाळटाकी चतुर्थीच्या आधी पुरी झाली. सखल घरांच्या जोडणीवर एकदिशा झडपाही (पाणी बाहेर जाऊ देणारी, आत येऊ न देणारी दारं) बसल्या. पण झडपेने फक्त आपलं घर वाचतं, आळी वाचते ती टाकीने, हे आता अबोली सगळ्यांना समजावून सांगू लागली. टाकी पहिल्यांदा उघडली तेव्हा वरचं पाणी काचेसारखं होतं. तळाशी हातभर शाडू बसला होता, खडा नाही, कचरा नाही. आबांनी मूठभर काढून बोटांत चोळला.

“नव्या मातीपेक्षा मऊ आहे,” ते म्हणाले. “हिला आता कुठे ओतायचीच गरज नाही. पुन्हा पाटावर घ्यायची.”

पक्क्या परवान्याच्या दिवशी पाणमांजर आलं आणि म्हणालं, “अर्जदाराने शेवटी एक हमी द्यायची असते. नियमावलीतली वाचून दाखवू की स्वतःच्या शब्दांत देता?”

आबांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कुणीतरी थाळी आपटत होतं.

“घे लिहून,” ते म्हणाले. “मी जे खाली सोडीन ते रेश्माच्या पोरांच्या अंथरुणाशी वर येऊ शकतं. हे ध्यानात ठेवून सोडीन.”

पाणमांजराच्या मिशा काही क्षण हलल्या नाहीत. “नियमावलीला याच गोष्टीसाठी बरीच पानं लागली आहेत,” ते म्हणालं. “हे वाक्य मी दुसऱ्या आळ्यांत वाचून दाखवू का?”

“दाखव की. पण नुसतं वाचून कुणाला पटायचं नाही,” आबा म्हणाले. “आमच्या अबोलीला घेऊन जा.”

पुढची तपासणी रंगारी आळीत होती. तिथल्या घरांतून निळं-तांबडं पाणी नळीत जातं आणि तिथेही लोक दारं अर्धवट लावून, धास्तावून वाट बघत बसले होते. अबोलीने एका हातात पेला घेतला, दुसऱ्या हातात गवंड्याची लांब नळी घेतली आणि पाणमांजराच्या पुढे होऊन पहिल्या घराची कडी वाजवली.